बाबांच्या टाचेवरचा तीळ: दुखत नाही, तरी दाखवा

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६१ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, कराडजवळच्या गावी आईसोबत राहतात. गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नानाआधी आई त्यांच्या पायांना तेल चोळत होती, तेव्हा पुण्यात राहणाऱ्या मुलीला त्यांच्या उजव्या टाचेवर मसुरीच्या दाण्याएवढा काळा तीळ दिसला. यंदा गणपतीत गावी गेली तर तोच तीळ शर्टाच्या बटणाएवढा झालेला, एका बाजूला शेपूट फुटल्यासारखा, मधे काळाकुट्ट आणि कडेला फिकट तपकिरी. बाबा म्हणतात, "दुखत नाही, खुपत नाही, डॉक्टर कशाला?" शेजारच्या काकांनी सांगितलंय की तिळाला सुरी लागली की तो चिघळतो. आई त्यावर चुना लावायच्या विचारात आहे. मुलीला दोन गोष्टी हव्यात: हे कितपत गंभीर आहे, आणि बाबांना न्यायचं कसं.

ताई, आधी आईला फोन करून चुना थांबवा. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, हे मात्र आजच.

तो तीळ नेमका काय आहे हे वर्णनावरून मी सांगणार नाही, आणि फोटो पाठवलात तरी सांगणार नाही. २७ वर्षं त्वचारोगाची प्रॅक्टिस करतोय, त्यातली निम्मी तालुक्याच्या गावी. तळपायावरचे काळे डाग शेकड्यांनी पाहिले आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी निघाले. पण साठीनंतर, टाचेवर, दहा महिन्यांत दुपटीहून जास्त वाढलेला, दोन रंगांचा आणि एकाच बाजूने पसरत चाललेला तीळ? यातली एखादी गोष्ट सुटी असती तर मी "सवडीने दाखवा" म्हटलं असतं. सगळ्या एकाच जागी आल्या आहेत, म्हणून पंधरा दिवसांच्या आत दाखवा म्हणतो. दिवाळीत गावी जाणारच आहोत, तेव्हा बघू, असं नको.

बाबांचा "दुखत नाही" हा मुद्दा आधी घेतो, कारण आमच्याकडे उशिरा आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस तेच वाक्य बोलतो. गळू दुखतं, नखुरडं दुखतं, कुरूप चालताना टोचतं, म्हणून त्यासाठी लोक रात्री अकरालाही दार वाजवतात. मेलानोमा, म्हणजे तिळासारख्या रंगपेशींचा कॅन्सर, सुरुवातीला दुखत नाही. तो कातडीच्या वरच्या थरात आडवा पसरत असतो, तेव्हा दुखावं असं तिथे काही घडतच नसतं. तो आडवा पसरण्याचा काळ म्हणजे आमची संधी. कधी महिने, कधी काही वर्षं. नंतर तो खाली मूळ धरतो, फुटतो, त्यातून रक्त येतं, मग दुखतं. बाबा ज्या दुखण्याची वाट बघताहेत ते आलं तर उशिरा येईल.

आपल्याकडे हा आजार कमी आहे, हे खरं. युरोपीय वंशाच्या लोकांत, खास करून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये, त्याचं प्रमाण जगात सर्वांत जास्त; भारतात लाखात एकाहूनही कमी. आपल्या कातडीतलं रंगद्रव्य उन्हापासून राखण करतं. पण तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा इथे होणारा मेलानोमा उन्हामुळे होत नाही, त्यामुळे तिथे ही राखण कामाला येत नाही. गोऱ्या माणसाला मेलानोमा पाठीवर, पिंडरीवर होतो. आपल्याला झालाच तर सर्वांत जास्त तळपायावर होतो, आणि तिथेही टाच आणि चवडा, म्हणजे भार पडणारी जागा. आणि तळपाय ही अशी जागा की स्वतःची स्वतःला दिसत नाही. बाबांचा तीळ तेल लावताना दिसला, हे नशीब समजा. बाकी आपल्याकडे सामुद्रिकवाले तळपायावरचा तीळ बघून परदेशवारी सांगतात. एका आजोबांनी मला चक्क विचारलं होतं, काढला तर नातवाचा व्हिसा अडेल का?

दवाखान्यात काय होतं ते सांगतो, म्हणजे बाबांना तसंच सांगता येईल. डॉक्टर पाय स्वच्छ पुसतात, त्यावर थोडं जेल किंवा तेल लावतात आणि डर्मोस्कोप नावाचं छोटं भिंग टेकवतात. दहा पट मोठं दिसतं, आत दिवा असतो. सुई नाही, कापणं नाही, पाच मिनिटांचं काम.

त्या भिंगातून काय बघतात हे शेतकरी घरातल्या माणसाला चटकन कळतं. तळपायाची कातडी म्हणजे सरी-वरंब्याचं रान. अंगठ्याच्या ठशात दिसतात तशा रेघा तळपायावरही असतात: उंच भाग म्हणजे वरंबा, खोलगट भाग म्हणजे सरी. वरंब्यावर एका ओळीत रोपं लावावीत तशी घामाची पांढरी छिद्रं दिसतात, त्यावरून वरंबा कुठला ते ओळखायचं. साध्या तिळात रंग बहुधा सरीत साचलेला असतो, पाटाचं पाणी साचावं तसा. मेलानोमात तो वरंब्यावर चढलेला दिसतो. जपानी त्वचातज्ज्ञांनी हे दाखवून दिलं, कारण त्यांच्याकडेही हा आजार आपल्यासारखा तळपायावरच जास्त. भिंग नसलेल्या डॉक्टरने नुसत्या डोळ्यांनी बघून "काही नाही" म्हटलं, तर मला ते पुरेसं वाटत नाही. टाचेवरचा डाग ७ मिलिमीटरहून मोठा असेल आणि भिंगाखाली तो स्पष्टपणे सरीतला दिसत नसेल, तर तुकडा तपासायला पाठवायचा, असा साधारण शिरस्ता आहे. शर्टाचं बटण ११ मिलिमीटरच्या आसपास असतं.

आता थोडा धीर देणारं. गावाकडून "काळा डाग वाढतोय" म्हणून आलेल्यांत बिब्ब्याचे डाग किती असतात म्हणून सांगू! काटा मोडला, भेग पडली, कुरूप झालं की कुणीतरी बिब्बा तापवून त्याचं तेल लावतं. कातडी भाजते आणि महिनाभर काळा चट्टा राहतो. दुसरा प्रकार टाचेच्या कडेला कबड्डी-खोखो खेळणाऱ्या पोरांना होतो: जाड कातडीत रक्ताचे बारीक ठिपके सुकतात, लांबून तीळच वाटतो. ब्लेडने वरचा पापुद्रा हलकेच खरवडला की ठिपके निघून येतात, आणि आईच्या चेहऱ्यावरचं सगळं ओझं तिथल्या तिथे उतरतं. मेंदी, चपलेच्या चामड्याचा रंग, केस काळे करताना सांडलेला डाय, हेही पाहिलंय. बाबांचं यातलंच काही निघालं तर तुम्ही हसत घरी याल, आणि मला ते फार आवडेल.

उलट बाजूही सांगायला हवी. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक शेतमजूर बाई आल्या. चवड्यावर जखम, आठ महिने भरत नव्हती. आधी कुरूप म्हणून पट्ट्या लावल्या, मग साखर निघाली म्हणून मधुमेहाची जखम समजून ड्रेसिंग चाललं. जखमेत काळा रंग कुठेच नव्हता, लालसर गुलाबी मांस वर आलेलं. मेलानोमा बिनरंगाचाही असतो, हे पुस्तकात वाचलेलं तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. जांघेत अवधान आलं होतं, त्याच्या गाठी हाताला लागत होत्या. म्हणजे तोवर तो पायापुरता राहिलेला नव्हता. तेव्हापासून माझा नेम आहे: तळपायावरची जखम सहा आठवड्यांत भरली नाही तर तुकडा तपासायचा, साखर असो वा नसो.

आणि एक माझी स्वतःची चूक. एका गृहस्थांच्या तळपायावरचा डाग मला मधलाच वाटला, ना इकडचा ना तिकडचा. मी म्हटलं, "दोन महिन्यांनी या, परत बघू." ते अकरा महिन्यांनी आले. त्यांनी माझ्या वाक्यातलं "दोन महिन्यांनी" ऐकलंच नव्हतं; त्यांच्या कानावर पडलं ते "काळजीचं काही नाही." तेव्हा निघालेला मेलानोमा अजून पातळ होता म्हणून दोघांचंही निभावलं. आता मी असा डाग बघितला की मोजून, फोटो काढून, नंबर वहीत लिहून ठेवतो आणि तारखेला फोन करतो. बाबांच्या बाबतीत कुणी "थोडे दिवस थांबून बघू" म्हटलं तर किती दिवस, आणि त्या दिवशी काय बघणार, हे विचारा. दहा महिने थांबून झालंय, आणि काय बदललं ते तुम्ही पाहिलंत.

"पातळ" म्हणालो ते उगाच नाही. या आजारात डाग रुंद किती यापेक्षा खोल किती याला मोल आहे. १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी पॅथॉलॉजिस्टने ही खोली सूक्ष्मदर्शकाखाली मिलिमीटरमध्ये मोजायची रीत घालून दिली, आणि आजही रिपोर्टात आम्ही पहिल्यांदा तोच आकडा शोधतो. एका मिलिमीटरच्या आत असेल तर भोवतालची साधारण एक सेंटिमीटर चांगली कातडी घेऊन काढला की बहुतेक माणसं बरी होतात, पुढे फक्त ठरावीक तपासण्या. चार मिलिमीटरच्या पुढे गेला की चित्र पालटतं: जांघेतल्या गाठी, स्कॅन, इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं), आणि तरीही खात्री नाही. इम्युनोथेरपीने गेल्या पंधरा वर्षांत मेलानोमाचे उपचार बदलून टाकले हे खरं; पण तळपायाच्या मेलानोमावर तिचा गुण उन्हाने होणाऱ्या मेलानोमापेक्षा कमी येतो, आणि खर्च सामान्य घराला झेपणारा नाही. एक मिलिमीटर म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीहून थोडं जास्त. इतक्या अंतरात सगळा फरक पडतो, म्हणून पंधरा दिवस म्हणतो.

शेजारच्या काकांचं म्हणणं फेटाळताना जरा दमाने घ्या. ते खोटं बोलत नाहीत. त्यांनी पाहिलेलं तसंच असणार. आपल्याकडे माणूस शेवटी शेवटी ऑपरेशनला जातो, ऑपरेशननंतर काही महिन्यांत जातो, आणि गावात चर्चा होते ती सुरीची. आधीच्या दोन वर्षांत काय झालं ते कुणाच्या लक्षात राहत नाही. तुकडा तपासायला काढल्याने मेलानोमा पसरतो किंवा माणूस लवकर जातो, असं अभ्यासांतून दिसलेलं नाही. काकांना हवं तर सांगा की सुरी तिळाच्या आतून न जाता त्याच्या बाहेरून, दोन मिलिमीटर चांगली कातडी घेऊन फिरते.

आणि हो, चुन्याचं राहिलं. चुना आणि धुण्याचा सोडा कालवून तीळ जाळायची पद्धत जुनी आहे. जत्रेत, बाजाराच्या दिवशी हे काम करणारे अजून भेटतात. त्याने वरचं जळतं, खालच्या पेशी राहतात, वर खपली आणि मग व्रण. महिन्यांनी व्रणाच्या कडेला पुन्हा काळं दिसायला लागतं आणि तेव्हा खालचं चित्र इतकं बिघडलेलं असतं की पॅथॉलॉजिस्टलाही वाचता येत नाही. पार्लरमधला लेसर आणि कॉटरी, म्हणजे विजेच्या चटक्याने जाळणं, हेही याच माळेचे मणी. यात आमच्या धंद्यातलेही काही आहेत, लिहायला लाज वाटते. दहा मिनिटांत तीळ "गायब" करतात, तपासणीच्या काचपट्टीवर मात्र काहीच जात नाही. बदलणारा तीळ जाळायचा नसतो. काढायचा असेल तर तो अख्खा, फॉर्मालिनच्या बाटलीत, नाव लिहून पॅथॉलॉजीला गेला पाहिजे. "तुकडा कुठे पाठवणार?" हा एक प्रश्न विचारला की समोरचा कितपत गंभीर आहे ते कळतं.

घरातल्या बाकीच्यांच्या अंगावरच्या तिळांचं काय, हे आता तुमच्या मनात आलं असेल. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ए-बी-सी-डी अशी खूण दिली: दोन अर्धी न जुळणारा आकार, वेडीवाकडी कड, एकाहून जास्त रंग, सहा मिलिमीटरहून मोठा व्यास. २००४ मध्ये त्यात ई आला, म्हणजे बदल. माझ्या मते आपल्याकडे हा ई पहिला हवा. अंगावर वीस तीळ असले आणि एकोणीस एकमेकांचे भाऊ दिसत असले तर विसावा दाखवायचा, ही दुसरी सोपी खूण. बदल किती वेळात झाला तेही बघा. दोन दिवसांत लाल होऊन सुजलेला तीळ बहुधा खाजवलेला किंवा वस्तऱ्याने कापलेला असतो. पंचवीस वर्षांत हळूहळू मऊ, फुगीर झालेला गालावरचा तीळ म्हातारा होतोय इतकंच. त्यात केस उगवला म्हणून घाबरायचं कारण नाही. वयात येताना तीळ वाढतात, नवे येतात. चाळिशीनंतर नवा आलेला आणि आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाने बदलणारा, तो आमच्याकडे आणायचा. नाकाशेजारी किंवा पापणीच्या कडेला चकाकणारा काळा उंचवटा, वारंवार खपली धरतो, खपली निघते, थेंबभर रक्त येतं, हाही दाखवा. तो वेगळ्या जातीचा, सहसा न पसरणारा कॅन्सर असू शकतो, आणि वेळेत काढला की प्रश्न मिटतो.

नखाबद्दल मात्र दोन ओळी जास्त लिहितो, कारण त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. आपल्या लोकांच्या बऱ्याच नखांवर एकदम तपकिरी उभ्या रेघा असतात, त्या बहुतेक स्वाभाविक. एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, तीन मिलिमीटरहून रुंद होत चाललेली, मुळाशी जास्त रुंद असलेली रेघ ही वेगळी गोष्ट. काळेपणा नखाच्या मुळाशी कातडीवर उतरला तर त्या खुणेला आम्ही सर जोनाथन हचिन्सन यांचं नाव देतो. १८८६ मध्ये त्यांनी तिचं वर्णन केलं. दगड पडून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, पण दोन-तीन महिन्यांत मुळाशी स्वच्छ पट्टी दिसायला हवी. पट्टी दिसलीच नाही तर "ठेच लागली होती" या आठवणीवर विसंबू नका. ठेच कुणाला लागलेली नसते? बॉब मार्ले या गायकाच्या पायाच्या अंगठ्याला फुटबॉल खेळताना इजा झाली, जखम भरेना, १९७७ मध्ये नखाखाली मेलानोमा निघाला. अंगठा काढू द्यायला तो तयार झाला नाही. १९८१ च्या मे महिन्यात, छत्तिसाव्या वर्षी गेला.

आता बाबांना न्यायचं कसं. "कॅन्सर" हा शब्द तुम्ही उच्चारू नका. खोटं बोलायला सांगत नाही. पण निदान व्हायच्या आधी तो शब्द घरात आला की माणूस दवाखान्याचं नाव टाकतो. माझा अनुभव असा की बायकामुलांनी रडून, शपथा घालून जे होत नाही ते माणसाच्या स्वतःच्या कामाच्या भाषेत बोलल्यावर होतं. बाबा एसटीत कंडक्टर होते ना? मग त्यांना लाइन चेकिंग ठाऊक आहे. आडवाटेला गाडी थांबते, चेकर वर चढतो, तिकिटं बघतो, पैसे मोजतो. चेकर चढला म्हणजे कंडक्टरने काही घोटाळा केलाय असं नसतं. हिशोब जुळला की सही करून तो उतरतो, घंटी वाजते, गाडी पुढे. भिंगवाला डॉक्टर हा चेकर. एका निवृत्त कंडक्टरकाकांना हेच सांगितलं होतं. ते म्हणाले, "चेकरला मी कधी घाबरलो नाही," आणि पादत्राण काढून पाय पुढे केला.

आणखी एक. प्रश्न आईच्या तोंडून येऊ द्या. रोज रात्री पायाला तेल कोण लावतं? "मला तो बघून चैन पडत नाही, माझ्यासाठी चला" हे तिने म्हटलं तर त्यात बाबांचा आजार येत नाही, आईची झोप येते. बरेच पुरुष स्वतःसाठी दवाखान्यात जात नाहीत, बायकोची कटकट थांबवायला मात्र जातात. तोवर दिवसा उजेडात, फ्लॅश न मारता, तिळाशेजारी शाळेची पट्टी ठेवून एक फोटो काढा. दिवाळीचा एखादा फोटो चुकून पायासकट असेल तर तोही काढून ठेवा. "वाढलाय" आणि "वाढला नाही" असा वाद घरात घालण्यापेक्षा पट्टीवरचा आकडा दाखवलेला बरा. डॉक्टरलाही त्याचा उपयोग होतो.

कुठे जायचं? त्वचारोगतज्ज्ञाकडे, एमडी ही पदवी किंवा डीव्हीडी ही त्वचारोगातली पदविका असलेल्या. साताऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे, कराडला खासगी तज्ज्ञ आहेत, आणि पुण्यात तुम्ही आहातच. सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जाणार असाल तर एक इशारा: दारावर "त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग विभाग" अशी पाटी असते. आमच्या शाखेचं ते अधिकृत नाव. ती वाचून किती पुरुष बाहेरच्या बाहेर परतलेत, त्याची गणती नाही. एका सरपंचांना मी स्वतः चहाच्या टपरीवरून परत बोलावलंय. गावचं कुणी बघेल म्हणून ते तासभर तिथे उभे होते. बाबांना आधीच सांगून ठेवा, पाटी वाचायची नाही, सरळ आत जायचं. पुढे काही निघालंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार येतात, त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत ठेवा. मुंबईत परळचं टाटा रुग्णालय आहे, पण लगेच तिकडे धावू नका. पहिली पायरी भिंग.

भिंगाखाली शंका आली तर जागेवर भूल देऊन तीळ काढतात. तळपायात भुलीचं इंजेक्शन दुखतं, अर्धा मिनिट चांगलंच दुखतं. ते आधी सांगा, म्हणजे नंतर बाबा तुमच्यावर आणि माझ्यावर चिडणार नाहीत. त्यानंतर काही कळत नाही. अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. तीळ फार मोठा असेल तर आधी त्याच्या सर्वांत जाड किंवा काळ्या भागाचा तुकडा घेतात. टाचेचे टाके इतर ठिकाणांपेक्षा जास्त दिवस ठेवावे लागतात, दोन ते तीन आठवडे, आणि तेवढे दिवस टाच टेकवायची नाही. शेतातली कामं, लग्नं, वारी बघून तारीख ठरवायचा मोह होईल. तारीख पुढे ढकलू नका, कामाला गडी बघा.

रिपोर्ट साधारण आठ-दहा दिवसांत येतो. काळाकुट्ट तुकडा असेल तर पॅथॉलॉजिस्टला रंग उतरवून पुन्हा बघावं लागतं, खास रंग लावून जास्तीच्या तपासण्या कराव्या लागतात, मग आणखी आठवडा. तो उशीर वाईट बातमीचा नसतो. रिपोर्ट कागदावर घ्या, नुसता "नॉर्मल आहे" असा फोन आला तर त्यावर थांबू नका. आणि साधा तीळ निघाला तरी तो कागद फेकू नका, बाबांच्या फाइलला लावा.

जायच्या दिवशी पाय गरम पाण्याने धुऊन, भेगांतली माती काढून न्या. तेल, मलम, मेंदी, हळद काही लावू नका, आणि वस्तऱ्याने तासू नका. वर कातडी जाड झाली असेल तर ती आम्ही काढू. बीपी, साखर, हृदयाच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर घ्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका, टेबलावर बसायच्या आधी फक्त सांगा. मोजे-बूट घालून आणू नका, चप्पल बरी. आणि तिथे गेल्यावर डॉक्टरांना दोन्ही तळपाय, सगळी नखं आणि पाठ बघायला सांगा. बाबा म्हणतील, एकच पाय दाखवायला आलोय. म्हणू देत.